लढाईतलं यंत्र खडकवाडीत

संग्रहालयातली वस्तू संग्रहालयात ठेवायची असते, हे कळायला फार शिकावं लागत नाही. पण आमच्या साहेबांनी शेषेराव सरपंचाच्या अर्जावर हिरव्या शाईनं 'टंचाई निवारणार्थ तात्पुरते द्यावे' असं लिहून दिलं आणि दुसऱ्या महायुद्धातलं गुप्तसंदेश यंत्र पाणी शोधायला म्हणून जीपमध्ये चढलं. होय, पाणी शोधायला. मी साहेबांना दोनदा विचारलं, मला वाटलं माझंच काहीतरी ऐकण्यात चुकतंय. साहेब म्हणाले, "शरणप्पा, लोकांची भावना आहे. तुम्हीही सोबत जा, म्हणजे झालं."

लातूर जिल्हा नुकताच झालेला होता. जिल्हा नवा म्हणून सगळंच नवं हवं होतं: नवं कार्यालय, नवी पाटी, नवी जीप. त्यातच कुणाच्या तरी डोक्यात आलं की जिल्ह्याला वस्तुसंग्रहालयही पाहिजे. भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या, निजामाच्या काळातली नाणी मिळाली, तोफेचे गोळे मिळाले, कुणाच्या तरी शेतात निघालेला वीरगळ मिळाला. राखणदार म्हणून मी मिळालो. आणि माझ्या मामांनी, गुरुपादप्पांनी, हे यंत्र दिलं.

मामा लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही. तंबूत बसून असलंच एक यंत्र ते चालवत. यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी लोखंडी पेटी. वर झाकण, झाकणाखाली इंग्रजी अक्षरांची सहा चाकं, डाव्या हाताला अक्षर निवडायची कळ आणि उजव्या हाताला हँडल. एक अक्षर निवडायचं, हँडल फिरवायचं, की कागदाच्या फितीवर भलतंच अक्षर छापून येतं. सगळा मजकूर असा छापला की शत्रूच्या बापालाही तो वाचता येत नाही. चाकं पुन्हा पहिल्या जागी आणून तीच भलती अक्षरं आत घातली, की मूळ मजकूर बाहेर येतो. लढाई संपल्यावर मामांना तसंच एक यंत्र सिकंदराबादच्या लिलावात, फुटके स्टोव्ह आणि मोडके टाइपरायटर यांच्या ढिगात दिसलं. ते त्यांनी उचललं, दरवर्षी तेलपाणी करून जपलं आणि मरायच्या आधी मला चालवायला शिकवून संग्रहालयात ठेवलं. म्हणाले, "शरण्या, आता ह्याच्यात काही गुपित उरलं न्हाई. आता लोकांना बघू दे." बिचाऱ्यांना काय ठाऊक, लोक काय बघतील!

उद्घाटनाला शेषेराव आले होते. खडकवाडीचे सरपंच, मुखेडच्या हद्दीला लागून असलेलं गाव त्यांचं. त्यांच्यासोबत सटवाजी नावाचा पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचं, नारळ उभा राहिला की खाली पाणी, हा त्याचा धंदा. दुष्काळात अशा माणसांना देवापेक्षा जास्त मान असतो. त्या दोघांनी मला हँडल फिरवायला लावलं, अक्षरं छापताना पाहिली. मी जीव तोडून सगळं समजावलं. सटवाजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेषेरावांना म्हणाला, "मालक, फौज लढायला वाळवंटात जाती. तिथं हीर न्हाई, आड न्हाई. मंग एवढ्या मानसांना पानी कशानं घावत आसंल? ह्येच की ते यंत्र." मी म्हटलं, अहो, हे निरोप लपवायचं यंत्र आहे. तो म्हणाला, "फौजवाले खरं कशाला सांगतेत?"

त्या उन्हाळ्यात खडकवाडीला सरकारनं एक बोअर मंजूर केली होती. एकच. आणि ती गावासाठी नव्हती, वरच्या वस्तीसाठी होती. गावानं आपल्या विहिरीला ज्यांचा हात कधी लागू दिला नाही, त्या लोकांची ही वस्ती. त्यांचा झरा माघातच आटला होता. भूजलवाल्यांनी येऊन पाहणी केली, वस्तीच्या खालच्या अंगाला ओढ्याजवळ जागा ठरवली, दगडावर चुन्यानं खूण केली आणि कागदावर मराठीत, स्वच्छ मराठीत लिहून दिलं की पाणी इथं आहे. हे चैत्रात. वैशाख गेला, ज्येष्ठ लागला, तरी बोअरची गाडी आली नाही. कारण शेषेरावांना ती बोअर आपल्या शेताच्या बांधावर हवी होती. 'गावाला मध्ये पडतं' हे त्यांचं कारण. बोअरचं काम बघणाऱ्या ओव्हरसियरला कागद मोडायचा धीर नव्हता आणि सरपंचाचा शब्द मोडायचाही नव्हता. मग कागदाहून मोठं काहीतरी आणणं भाग होतं, आणि ते आमच्या काचेच्या कपाटात होतं.

खडकवाडीत पोचलो तर वेशीवर हलगी वाजत होती. माझ्या हातातून पेटी घेतली, पाटावर ठेवली, चाकांच्या खिडक्यांत हळदकुंकू भरलं, हँडलला लिंबू बांधलं. एकानं तर नारळ फोडायला थेट झाकणावरच उगारला. मी ओरडलो, "अरे, ती सरकारी वस्तू आहे!" तेव्हा तो शेजारच्या दगडावर फोडला, पण पाणी यंत्रावर शिंपडलंच. चाकांत नारळाचं पाणी गेलं की काय होतं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. बोअरची गाडी असो, पिठाची गिरणी असो की ट्रॅक्टर, नवं यंत्र आलं की कुंकू आणि नारळ झालाच पाहिजे. त्यात वाईट काही नाही, आमच्या घरातही करतात. पण इथं मला त्या कुंकवाचा राग आला, खोटं कशाला बोलू.

मग सटवाजीनं यंत्र गळ्यात अडकवलं आणि शेषेरावांच्या शेतात फेऱ्या सुरू केल्या. चार पावलं टाकायची, हँडल फिरवायचं, फीत बघायची. 'पी' आला की पाणी, असा त्यानं नियम केला होता. शेषेरावांचा थोरला नांदेडला कॉलेजात शिकून आलेला, त्यानं 'पी' ओळखून दिला होता. आता हँडल फिरवत राहिलं तर कधी ना कधी 'पी' येणारच, त्याला यंत्राची हुशारी लागत नाही. 'के' आला, 'एक्स' आला, 'डी' आला, सटवाजी पुढं सरकत राहिला. ओढ्याकडं एकदा 'पी' आला, पण तिथं शेषेरावांची हद्द संपत होती. तेव्हा सटवाजी म्हणाला, "ह्यो कच्चा हाय." शेवटी बांधाच्या चिंचेखाली पुन्हा 'पी' आला आणि तो पक्का ठरला. हलगी वाजली. ओव्हरसियरनं घाम पुसला, डायरी काढली.

माझ्या मामांनी लढाईत ज्या हँडलवर रात्र रात्र घालवली, ज्याच्या एका चुकीच्या अक्षरानं माणसं मेली असती, तसलं हँडल हा माणूस शेतातून रहाटासारखं फिरवत चालला होता. मला रडू आलं असतं, पण त्याआधी संताप आला.

संध्याकाळी जीपजवळ एक बाई उभी होती. पन्नाशीची, वाळलेली, काखेत रिकामी घागर. म्हणाली, "मी साखराबाई. वरच्या वस्तीवरची." वस्तीच्या बाया मैलभर लांब, नदीच्या वाळूत झिरा खोदून पाणी आणत होत्या. तिच्या सुनेला दिवस गेलेले, ती झिऱ्यावर चक्कर येऊन पडली होती, त्यामुळं आता दोघींचं पाणी ही एकटी वाहत होती. हे तिनं गाऱ्हाणं म्हणून नाही, ओळख म्हणून सांगितलं. मग विचारलं, "सायेब, ह्ये यंत्र कुनाचं ऐकतं?"

मी म्हटलं, "जो फिरवतो त्याचं."

"आस्सं. मंग उद्या आमच्याकडून फिरवा की."

"नाही बाई," मी म्हणालो. "खोट्याला खोटं नको. उद्या सभेत सगळ्यांसमोर मी दाखवून देतो की या यंत्राला पाण्यातलं काही कळत नाही. एकदा लोकांना कळलं की शेषेरावांचं काही चालणार नाही. मग कागदावर आहे तिथंच बोअर होईल."

लहान मुलानं मोठं झाल्यावर काय होणार ते सांगावं आणि आईनं ऐकून घ्यावं, तसं तिनं ऐकलं. "दाखवा," एवढंच म्हणाली आणि झिऱ्याच्या वाटेला लागली.

मी शाळेच्या खोलीत बसून यंत्र पुसलं, कुंकू काडीनं काढलं आणि तयारी केली. सहाही चाकं 'ए'वर आणली आणि इंग्रजी अक्षरांत 'पाणी' असं आत घातलं. बाहेर चार वेडीवाकडी अक्षरं आली. ती पाठ केली. म्हणजे आता चाकं पुन्हा 'ए'वर आणून ती चार वेडीवाकडी अक्षरं घातली, की फितीवर 'पाणी' येणार. जागा कुठलीही असो. यंत्राचं कामच ते.

सकाळी मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं. वस्तीवरचे लोक लांब, कडुनिंबाखाली. मी उभा राहिलो. म्हटलं, "काल यंत्रानं सरपंचांच्या शेतात पाणी दाखवलं. आज तुम्ही म्हणाल तिथं दाखवतो. जागा सांगा."

कुणीतरी म्हणालं, इथंच, पारावर. मी चाकं लावली, चार अक्षरं घातली, हँडल फिरवलं. ओव्हरसियरनं फीत वाचली. "पाणी!" नुसता 'पी' नाही, अख्खं पाणी. लोक सरसावले. मी म्हटलं, आणखी सांगा. शाळेच्या अंगणात नेलं, पाणी. पिठाच्या गिरणीपुढं नेलं, पाणी. शेषेरावांच्या सिमेंटच्या नव्या घराच्या ओसरीवर नेलं, तिथंही पाणी. शेवटी गावाच्या वर तो खडकाचा उघडा बोडका माळ आहे, ज्यावर कुसळही उगवत नाही, तिथं सगळ्यांना चढवलं आणि भर उन्हात हँडल फिरवलं. ओव्हरसियरनं फीत डोळ्यांजवळ धरली आणि हळूच म्हणाला, "पाणी."

"आता सांगा," मी घाम पुसत म्हणालो, "याचा अर्थ काय होतो?"

सगळे त्या फितीकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं, डोक्यात प्रकाश पडला. मामांची आठवण आली. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा हात जोडून पुढं आला आणि ओरडला, "म्हंजे समद्या गावाखाली पानी हाय!"

आणि हलगी वाजायला लागली.

मी ओरडून ओरडून सांगितलं. अहो, ही चार अक्षरं मीच घालतोय! मी 'दगड'ची घातली असती तर 'दगड' आलं असतं! हे यंत्र आपण सांगू तेच बोलतं! कुणी ऐकेना. एकजण माझ्या पाया पडला. सटवाजी म्हणाला, "सायेबांचा हात आमच्यापरीस लई भारी हाय." जो तो आपल्या दारात बोअर मागू लागला, दोघा भावांत तिथंच हमरीतुमरी झाली. ज्या देशात सरळ लिहिलेला कागद कुणी वाचत नाही, तिथं निरोप लपवायला यंत्र कशाला हवं, असं मला त्या माळावर उभं राहून वाटलं. अजूनही वाटतं.

शेषेराव मात्र शांत होते. गलका थोडा ओसरल्यावर म्हणाले, "समदीकडं हाय तर चांगलंच हाय. पन बोअर एकच हाय. काल आदूगर आमच्या बांधाला निघालं, तवा पैली तिथंच मारू. खामखा वाद नको." माणसं माना डोलवायला लागली. ओव्हरसियरनं डायरी उघडली.

तेव्हा कडुनिंबाखालून आमच्या मागं माळावर आलेल्या लोकांतून साखराबाई पुढं आली. घागर तिच्या काखेतच होती.

"सरपंच," ती म्हणाली, "यंत्र खरं हाय का?"

"हाव. लढाईतलं हाय ते."

"समदीकडं पानी दावलं ते खरं हाय?"

"खरं हाय म्हनलं की."

"मंग आमच्या वस्तीखालीबी हाय. मंजुरी आमच्या नावची हाय. समदीकडं सारखंच पानी आसंल तर जिथं मंजूर केलं तिथंच मारा, तुमच्या बांधाला कशाला?"

शेषेराव म्हणाले, "आगं, तिथं यंत्र फिरवलं कुठं?"

"मंग फिरवा की," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली.

मी काय करायला हवं होतं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. तेव्हा विचार केला नाही. वस्तीच्या खाली ओढ्याजवळ गेलो, चाकं 'ए'वर आणली आणि हँडल फिरवलं. फितीवर 'पाणी' आलं. माझ्या मामांनी दिलेलं यंत्र माझ्याच हातानं नारळाच्या कामाला लागलं, आणि मी मान वर केली नाही.

"आता बोला सरपंच," साखराबाई म्हणाली. "खोटं म्हनता का? खोटं आसंल तर तुमच्या चिंचेखालचंबी खोटं."

शेषेराव इकडंतिकडं बघायला लागले. पण सटवाजी यंत्राला खोटं म्हणू शकत नव्हता आणि गावाला तर आपापल्या दारातलं पाणी आता हवंच होतं, ते खोटं कोण पाडून घेईल? सगळ्यांत खूष झाला तो ओव्हरसियर. कागद आणि यंत्र एकच बोलत होते, त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं. त्यानं दुपारीच गाडी बोलावली.

बोअरच्या गाडीवरचे तमिळ मजूर कुणाचं ऐकत नाहीत, ते आपले खूण दाखवली की पाइप उतरवतात. आधी पांढरी धूळ उडाली, वस्तीची सगळी पोरंबाळं पांढरी झाली. मग धूळ काळपट झाली, मग ओली झाली, आणि चिखलामागून पाणी उसळलं ते गाडीच्या टपाच्या वर गेलं. बाया भिजल्या, हसल्या, दोघीचौघी रडल्या. साखराबाईनं सुनेला खाटेसकट बाहेर आणवलं आणि तिच्या तोंडावर पाण्याचा हात फिरवला. मीही भिजलो. पाणी थंड आणि गोड होतं, हे कबूल केलंच पाहिजे.

पण राग? तो कसा जाणार? शेषेरावांनी तिथल्या तिथं यंत्राला हार घातला आणि 'मी आणलं म्हणून पाणी लागलं' असं भाषण केलं. भूजलवाल्यांचं नाव कुणी काढलं नाही. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी मुखेड तालुक्यातले लोक एसटीनं आले, म्हणजे जिल्हासुद्धा ओलांडून, आणि यंत्र कधी मिळेल म्हणून विचारू लागले. साहेबांचा निरोप आला: 'अनेक गावांची मागणी आहे. परत न येता तसेच पुढच्या गावी जावे.'

मी तो निरोप घेऊन साखराबाईकडं गेलो. का गेलो, सांगता येत नाही. तिला म्हटलं, "बाई, तुम्हाला तरी पटलंय ना, पाणी यंत्रानं सापडलं नाही?"

"मला येडी समजता का?" ती म्हणाली. "त्यो भूजलवाला शिकलेला पोरगा उन्हात दोन दिस तारा लावून बसला व्हता, त्यानं सांगितलं व्हतं. आमी बघितलं की. पन तुमी काल खरं वरडून सांगत व्हता, तवा कुनी ऐकलं?"

"नाही."

"मंग?" तिनं घागर खाली ठेवली. "आता ह्ये घिऊन फुडं जाऊ नका. हितं मी व्हते. फुडच्या गावात सरपंच आसंल, पानाड्या आसंल, आन् बाया नदीच्या वाळूतच बसतील."

मी जीपमध्ये जाऊन बसलो. पेटी मांडीवर घेतली, पकडीनं स्क्रू सैल केला आणि हँडल काढलं. मामा असते तर त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती, किंवा कदाचित नसती. हँडल मी साखराबाईच्या हातात दिलं. तिनं ते पदरात गुंडाळलं. हँडलशिवाय ते यंत्र एक अक्षरही छापत नाही. पुढच्या गावी गेलो, पेटी दाखवली, नादुरुस्त आहे म्हणून सांगितलं आणि लातूरला परत आणून कपाटात ठेवली.

साहेब भडकले. सरकारी मालमत्तेचा भाग गहाळ केल्याबद्दल मला मेमो मिळाला, पगारवाढ थांबली. मी सही करून तो घेतला. पाणी कुठं आहे हे चैत्रापासून कागदावर लिहिलेलं असताना तो कागद दाबून ठेवणाऱ्या कुणाला मेमो मिळाल्याचं मात्र मी आजवर ऐकलेलं नाही.